हिरवी गाठ

“ज्यानं कुणी हे केलंय, त्यानं कपाटाची किल्ली इथं ठेवायची,” मोठ्या बाईंनी कापड कापायच्या टेबलावर बोट आपटलं. “मग तो माझ्या पोटचा का असेना.”

तिन्ही शिलाई मशीनं थांबली. मालाच्या कपाटाच्या किल्ल्या दोनच होत्या. एक बाईंच्या कमरेला, दुसरी सूनबाईच्या.

सकाळी बाईंच्या मोबाइलवर मेसेज आला होता. बाईंचा चष्मा नेहमीसारखा धुरकटलेला, म्हणून कटिंगमास्तरांनी तो वाचला. कुठल्याशा ऑनलाइन दुकानाची मेंबरशिप. पहिला महिना फुकट, आणि आज बारा वाजता वर्षाचे पैसे एकदम खात्यातून कापले जाणार. उद्याचे पगार त्याच खात्यातून व्हायचे होते.

“फुकट ते पौष्टिक,” मास्तर म्हणाले होते.

“पोटात गोळा आणतंय ते पौष्टिक,” बाई म्हणाल्या होत्या.

त्या मोबाइलवरून सुया, बटणं, दोरे मागवणाऱ्या दोघीच. बाईंनी सुनेकडे पाहिलं. सूनबाई खाली मान घालून उसवलेल्या बाहीचे धागे काढत होती. आज ती गप्प होती, हेच मोठं नवल.

कारण सूनबाईला एक खोड होती. दिसेल ते अक्षर पुटपुटायची. रिळावरचं, बसच्या पाटीवरचं, औषधाच्या बाटलीवरचं. “बालवाडीतून थेट माझ्या उंबऱ्यात आली,” बाई चारचौघांत म्हणायच्या. “अकरा वर्षं झाली, अजून ओठ मिटून वाचता येईना.” सगळे हसायचे. सूनबाईही हसायची.

बाईंच्या कारखान्यात मुळात कागदाला थारा नव्हता. गिऱ्हाइकाच्या गाठोड्याला रंगीत दोऱ्याची गाठ. तांबडी म्हणजे थांबा. हिरवी म्हणजे काम झालं, जाऊ दे. “चिठ्ठी उडते, गाठ उडत नाही,” हा तिथला कायदा.

मास्तरांनी दुकानाच्या हेल्पलाइनला फोन लावून स्पीकर चालू केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात बोलली. “मॅडम, नऊ तारखेला, मंगळवारी दुपारी तीन वाजता तुम्ही सवलतीत मोठी कात्री घेतलीत. त्याच वेळी मेंबरशिप स्वीकारलीत.”

मास्तरांचा हात नव्या कात्रीवर थबकला. “मंगळवारी दुपारी? पण तेव्हा वहिनी तर...”

“मीच दाबलं, मास्तर,” सूनबाई मध्येच म्हणाली. “घाईत दाबलं. चुकलं माझं, आई.”

तिने कमरेची किल्ली सोडून टेबलावर ठेवली.

बाईंनी किल्लीकडे पाहिलं, पण ती उचलली नाही. एरवी साध्या टाक्यावरून सात पिढ्यांचा उद्धार करणाऱ्या बाई गप्प झाल्या, तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता काही खरं नाही.

“बंद करून टाका हो ते,” मास्तर फोनमध्ये ओरडले.

“इथून नाही होत, सर. मॅडमच्या मोबाइलवरूनच करावं लागेल. बाराच्या आत.”

“लावताना बरं तुमच्याकडून होतं!”

भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं उरली होती. सूनबाईने मोबाइलवर मेंबरशिप बंद करायचं पान उघडलं. तेवढ्यात काजंबटणं करणारी मावशी फणकारली, “आता पुन्हा यांच्याच हाती देताय होय? बाई, तुम्हीच दाबा. तुमच्या नजरेतून मुंगी सुटत नाही.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. मोबाइल बाईंच्या हातात आला. नाही म्हणायला जागाच उरली नाही.

बाईंनी पदराने चष्मा पुसला. पुन्हा पुसला. पडद्यावर मोठं हिरवं बटण होतं आणि त्याखाली फिकट, बारीक ओळ. अंगठा हिरव्याकडे निघाला.

“‘मेंबरशिप चालू ठेवा’...” खांद्यामागून सूनबाईची पुटपुट सुरू झाली. “‘नको, बंद करा’...”

“कानाशी डासासारखी काय गुणगुणतेस गं!” बाई खेकसल्या. अंगठा खालच्या ओळीवर टेकला.

दुसरं पान आलं. पुन्हा वर हिरवं, खाली फिकट.

“‘थांबा, आणखी सवलत घ्या’... ‘तरीही बंद करा’...”

“झाली हिची बालवाडी सुरू.” बाईंनी खालची ओळ दाबली. कपाळावरचा घाम चष्म्याच्या काडीवर आला होता.

तिसऱ्या पानावर सगळं उलटं. वर तांबडं बटण, खाली हिरवं. बाईंचा अंगठा सवयीने खाली गेला. तीन मिनिटं उरली होती.

“‘कायमची बंद करा’...” मागून आवाज आला, थोडा घाईचा. “‘परत मागे जा’...”

अंगठा थांबला. वर सरकला. बाईंनी तांबडं बटण दाबलं.

“‘तुमची मेंबरशिप बंद झाली आहे,’” सूनबाई पुटपुटली.

मास्तरांनी टेबलावर थाप मारली. “बघा! वाघीण आहेत आपल्या बाई.” मावशीने सूनबाईकडे पाहून नाक मुरडलं. मग जेवणाची सुटी झाली आणि सगळे डबे घेऊन बाहेर गेले.

बाई टेबलाशी एकट्या उरल्या. समोर ती किल्ली, बाजूला ती कात्री.

त्या मंगळवारी सूनबाई लेकराला घेऊन दवाखान्यात गेली होती. मास्तरांची कात्री बोथट झालेली, म्हणून बाईंनी चित्र बघून नवी मागवली. माल चित्रावरून ओळखायला कुणाची गरज नव्हती. मग पडदाभर अक्षरांच्या मुंग्या आल्या. मुंग्या, आणि मधोमध एक मोठं हिरवं बटण. हिरवं म्हणजे काम झालं, जाऊ दे.

बाईंनी आपल्या कमरेची किल्लीही सोडली. शब्द म्हणजे शब्द. दोन्ही किल्ल्या मुठीत घेऊन त्या मागच्या खोलीकडे गेल्या आणि दारातच थबकल्या.

सूनबाई खिडकीशी बसली होती. मांडीवर उशीएवढं जाड पुस्तक होतं. बाई आल्याचं तिला कळलंही नाही. ती भराभर पानामागून पान उलटत होती, आणि तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.