नाळेतल्या पेशी

गोंडपिपरीची सुलोचना बाळंतपणानंतर आठव्या दिवशी चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत आली. "माह्या पोराची नाळ वापस द्या. त्याच्याजवळ गाडाची हाय." जन्मताना गुदमरलेलं बाळ अतिदक्षता विभागात दोनच दिवस जगलं होतं. नाळ तिनंच सही करून संशोधनाला दिली होती. संशोधक प्रज्ञानं सांगितलं, "ताई, नाळ उरली नाई. तिच्या रक्तवाहिनीच्या अस्तरातल्या पेशी वाढवल्या, त्या हायेत." सुलोचनानं सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. "जित्त्या हायेत?" "हो." "यायचं काय करान?" प्रज्ञा खोटं बोलली नाही. "यायले कमी ऑक्सिजनच्या पेटीत ठेवाचं हाय. गुदमरल्यावर पेशी काऊन मरतेत ते समजलं त पुढची लेकरं वाचवता येतीन." सुलोचना बराच वेळ भिंगातून पाहत राहिली. "करा," ती म्हणाली. "पण मी इथीच बसतो. पोराजवळ मले बसू देलं नव्हतं." प्रज्ञानं पेटीजवळ स्टूल ठेवलं.