नर्गिसाला पाणी

कंद विकताना माळीणबाई म्हणाल्या होत्या, "नर्गिस लावा आणि विसरून जा. पाणी जास्त झालं तर मात्र कुजेल." माझ्यासारख्या आळशी शिंप्याला आणखी काय हवं? मी बारा कंद पुरले आणि खरंच विसरलो.

वसंतात पिवळीधमक फुलं आली. माती मात्र रोज सकाळी ओली दिसायची. मला वाटलं, बायको पाणी घालते. तिला वाटलं, मी घालतो. म्हणून महिनाभर ती माझ्याशी संशय यावा इतकी गोड वागत होती.

आज चहा पिताना खरं काय ते बाहेर आलं.

"अहो, म्हणजे तुम्ही नाही?"

"मी कधी झारीला हात तरी लावलाय का?"

आम्ही पोट धरून हसलो. फाटकाला आतून कडी असते आणि घरात आम्ही दोघंच.

हसतहसतच ती दारात गेली आणि रिकाम्या बागेला दटावत म्हणाली, "पुरे हं आता. कुजतील ते."

घरामागे, नळापाशी, कुणीतरी पत्र्याची झारी अगदी हळूच फरशीवर ठेवल्याचा आवाज आला.