चाखणी

हेमांगीने तिसऱ्यांदा पांढऱ्या वाइनचा ग्लास फिरवून नाकाशी नेला. काहीच नाही. सर्दी बरी झाली, पण वास येईना, त्याला आठ दिवस झाले होते. कुणाला कळलं तर वायनरीतली नोकरी संपली.

समोर तीन पिंपांतले नमुने होते. त्यांतला एकच महागड्या बाटल्यांत भरायचा, आणि तो निवडायचं काम दरवर्षी तिचंच. जिभेला नुसता आंबटपणा कळत होता. तिने ग्लासांच्या जागा बदलल्या, पुन्हा बदलल्या.

“दोन नंबर,” शेवटी ती अंदाजानेच म्हणाली.

लिहिता लिहिता बोरस्ते साहेब थांबले. नमुने ओतणारी रेवती बहिणीच्या डोहाळजेवणाहून थेट आली होती. ते तिच्याकडे पाहत होते.

“मॅडम, गेल्या वर्षी आफ्टरशेव्ह लावलं म्हणून मला, मालकाला, बाहेर काढलंत. आज हिचा एवढा मोगऱ्याचा गजरा चालला?”

रेवतीने जीभ चावली. हेमांगीने ग्लास खाली ठेवला.

“मला वासच येत नाहीये, साहेब. दोन नंबर खोडा.” ती खुर्चीतून उठली. “रेवती, गजरा बाहेर ठेवून ये गं. आज तू सांगायचंस.”