उद्या बदलू

"नळी उद्या बदलू, साहेब. आज पाहुणे आहेत." चौथ्या मजल्यावरच्या बाईसुद्धा तेच म्हणाल्या. घरोघरची गॅसलाइन तपासणाऱ्या खांबेटेंनी वाद घातला नाही. व्हॉल्व्ह बंद करून सील लावलं. पाठीमागे दार धाडकन आपटलं. दिवसभर हेच चाललं होतं.

घरी पोचले तेव्हा पायांचे तुकडे पडले होते. बायकोनं चहाचं भांडं शेगडीवर ठेवलं आणि लायटर हातातच धरून विचारलं, "जरा वास येतोय. ही नळी कधी बदलताय?"

"उद्या बदलू," खांबेटे बोलून गेले आणि चपापले. उठून त्यांनी नळीला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा हळूहळू फुगत गेला. त्यांनी मुकाट्यानं व्हॉल्व्ह बंद केला.

बायकोनं लायटर खाली ठेवला. "आले म्हणायचे साहेब एकदाचे आपल्याकडे."