कोरडा वाफा

दुपारी बारा वाजता, रणरणत्या उन्हात, कोरड्या वाफ्यातला चिनी गुलाब जमिनीभर फुलला होता. आठवड्यातून एकदाच पाणी देऊन तो तगतो का, हा प्रयोग होता. दोन उन्हाळे वाळकी रोपं उपटलेल्या वैजयंतीचे डोळे भरून आले.

"कसा फुललाय!" रखवालदाराची बायको यमुनाक्का म्हणाली. "रोज सांजच्याला कळशी रिकामी करते मी ह्याच्यावर."

"अक्का, ह्याला पाणी घालायचं नव्हतं!"

"का? बाकीच्या वाफ्यांना रोज घालतीस. ह्यानंच काय घोडं मारलंय? वैशाखात तहानलेल्याला पाणी नाकारू नये, पोरी."

पीएचडीची मुदत जुलैत संपत होती. चौथा उन्हाळा मिळणार नव्हता.

वैजयंती तिच्या मार्गदर्शक सरांच्या खोलीत पोचली, तेव्हा टेबलावर पेढे होते. प्रयोग यशस्वी झाल्याचं त्यांनी सकाळीच विद्यापीठाला कळवलं होतं.