हरकत असल्यास

"असं सगळेच म्हणतात," विन्स्लो म्हणाले, आणि आपलं उत्तर वाया गेल्याचं कोलेट थिबोला कळलं.

प्रश्न साधा होता. बारा वर्षं तिने भाडेकरूंची वकिली केली, तीही बहुतेक फुकट. उद्या ती न्यायाधीश झाली आणि समोर एखादा घरमालक आला, तोही तिच्या डोक्यात जाणारा, तर त्याला न्याय मिळेल का? "कायद्याप्रमाणे मिळेल," ती म्हणाली होती. यावर दुसरं कुणी काय म्हणणार?

तिचं नाव खुद्द गव्हर्नरने निवडलं होतं. पण आमच्या न्यू हॅम्पशायर राज्यात गव्हर्नरचा शब्द शेवटचा नसतो. लोकांनी निवडून दिलेले पाच सल्लागार उमेदवाराला सगळ्यांदेखत समोर बसवतात, हवं ते विचारतात, आणि तिघांनी होकार दिला तरच ती खुर्ची मिळते. दोघे कोलेटच्या बाजूने होते, दोघे विरुद्ध. उरले विन्स्लो. जन्मभर गाई पाळलेला म्हातारा, वकिलांवर काडीचा विश्वास नाही. कोलेटला ती खुर्ची हवी होती. इतकी हवी होती, की घरातही कुणापाशी तसं बोलायला ती धजत नव्हती.

"लोकांपैकी कुणाला काही बोलायचंय?" विन्स्लोंनी विचारलं. एरवी यावर कुणी उठत नाही. सगळ्यांना घरी जायची घाई असते.

मागच्या रांगेत एक खुर्ची करकरली. कोलेटने वळून पाहिलं. चिखलाने भरलेल्या बुटांनिशी, टोपी हातात धरून, तिचा आधीचा नवरा माइककडे येत होता. घटस्फोटानंतर दोघं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते. अगदीच काही निरोप असला, तर त्याची बहीण मध्ये पडायची.

"नाव?"

"एल्डन पिकरिंग. मेपलच्या झाडांचा रस पाकासाठी उकळत ठेवलाय आणि ढवळायला भाऊ बसलाय. तो करपवणार. तेव्हा लवकर आटपतो."

"बाजूने बोलणार की विरोधात?"

"ते तुम्हीच ठरवा. मी हिचा घटस्फोट झालेला नवरा."

सभागृहात हशा पिकला. विरोधातल्या सल्लागार बाई खुर्चीत सरसावून बसल्या. कोलेटने नजर टेबलावर खिळवली. संपलं सगळं, तिला वाटलं.

"आमची एक केबिन आहे, छोटं लाकडी घर, तळ्यावर," एल्डन म्हणाला. "आमची म्हणजे माझी. लग्नाआधी मी आणि माझ्या बापाने बांधलेली. कागद मात्र पुढे हिच्या नावावर केले. प्रेमात होतो तेव्हा. घटस्फोटाच्या केसमध्ये माझा वकील एक नंबरचा वेंधळा, त्याने हे सांगितलंच नाही. न्यायाधीश आता केबिन हिला देणार, तेवढ्यात ही उठली. म्हणाली, ती याची आहे, याने आणि याच्या वडिलांनी बांधलीय, छप्पर घालतानाचा फोटो माझ्याकडे आहे. हिचा वकील खाली बस म्हणून हिची बाही ओढत होता. ही बसेना."

"म्हणजे तोवर तुमचं सगळं गोडीगुलाबीत मिटलं होतं," विन्स्लो म्हणाले.

"कसली गोडीगुलाबी? त्याच संध्याकाळी माझे कपडे, बूट, बापाची मासे धरायची काठी, सगळं हिने अंगणातल्या बर्फात भिरकावलं. वर अख्ख्या आळीला ऐकू जाईल असं काय काय बोलली. माझं तोंड बघायची हिची इच्छा नव्हती. आजही नसेल." तो टोपी चुरगाळत म्हणाला, "पण केबिन माझ्याकडे आहे."

"आणि तुम्हाला यांचा राग नाही?"

"आहे ना. बुटांचा तर फारच आहे."

"मग एवढ्या लांब कशाला आलात?"

"पेपरात वाचलं, की न आवडणाऱ्या माणसाला ही न्याय देईल का, अशी तुम्हाला शंका आहे. म्हटलं, तो माणूस मीच की."

आणखी काही विचारतील म्हणून तो क्षणभर घुटमळला. मग कोलेटकडे न बघताच टोपी चढवून निघून गेला. या माणसाबद्दल पुन्हा कधी चांगलं वाटेल, असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं, आणि आता वाटत होतं.

विन्स्लो पुढे झुकले. "बाई, आता वकिलासारखं नका बोलू. त्या दिवशी उठून उभ्या राहिलात, त्याचा कधी पस्तावा होतो?"

इथे 'नाही' म्हणायला हवं, हे तिला कळत होतं. तिच्या बाजूचे दोघेही तिने तसंच म्हणावं म्हणून डोळ्यांनी खुणावत होते. पण तिच्या डोळ्यांसमोर ते तळं आलं, आणि लाकडी धक्क्यावर पाण्यात पाय सोडून बसायची तिची जागा.

"दर उन्हाळ्यात होतो," ती म्हणाली.

तिचा आवाज फाटला होता. दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला विन्स्लोंनी हाक मारली.

"अरे, न्यायाधीशबाईंना जरा पाणी दे."