पिंजऱ्याची सवय

साधनानं पिंजऱ्यातून चंदाची जुनी साडी ओढून काढली आणि त्या जागी स्वतःचा गाऊन अंथरला. भुऱ्या बाहेर आला. त्यानं गाऊन हुंगला आणि चंदाच्या पायाशी जाऊन बसला.

नागपूरला जाणारी गाडी दारात उभी होती. बदली झाली म्हणून नितेश आणि त्याची बायको साधना आज तिथून विमानानं बंगळुरूला चालले होते. भुऱ्या त्याच विमानाच्या पोटात, सामानाच्या जागी. नितेशची बहीण चंदा संध्याकाळच्या एसटीनं हिवरखेडला जाणार होती, थोरल्या भावाकडे. नवऱ्यानं टाकल्यापासून ती अकोल्याच्या याच घरात राहिली होती, आणि कुत्र्याला तिनंच वाढवलं होतं.

पिंजऱ्याची सवयही तिनंच लावली. गुरांच्या डॉक्टरनं बजावलं होतं, झोपेचं औषध अजिबात द्यायचं नाही, त्यानं वर हवेत कुत्र्याचा श्वास मंदावतो. त्यापेक्षा पिंजरा हेच त्याचं घर करा. म्हणून चंदा भुऱ्याला पिंजऱ्यातच भाकर चारी. आधी दार उघडं ठेवून, मग घडीभर लावून, मग तिचा स्वयंपाक उरकेपर्यंत. तिच्या साडीत तोंड खुपसून तो आत निवांत झोपे. पाणी वाटेत सांडू नये म्हणून वाटीत बर्फही तिनंच जमवून ठेवला होता.

पण साधनाला कोणीतरी सांगितलं होतं, जनावर ज्याच्या वासाला सोकावतं त्याच्यासाठी झुरतं. एका मैत्रिणीच्या कुत्रीनं नव्या गावात अन्न सोडलं आणि झिजून मेली. साधनानं हे सारं चंदाचा हात हातात घेऊन, समजुतीच्या सुरात सांगितलं.

"ताई, तुमच्यावरचं त्याचं मन उडालं पायजे," ती म्हणाली. "तुमीच त्याले मारून कोंडा. तिकडं दार मी उघडीन."

चंदानं भावाकडे पाहिलं. तो बॅगेची चेन लावत होता. मान वर न करता तो एवढंच बोलला, की साधना काही वाईट सांगत नाही, कुत्र्याच्याच भल्याचं आहे.

नाही म्हणावं, असं चंदाला वाटलं. तशी तिला आता कोणाची भीतीही नव्हती. पण बंगळुरूत भरल्या ताटलीपुढं तोंड फिरवून बसलेला भुऱ्या तिच्या डोळ्यांपुढं आला. तिनं दारातली चप्पल उचलली.

पहिला फटका हलकाच पडला. भुऱ्यानं शेपूट हलवली आणि पुढचे पाय टेकून तो वाकला, खेळायला. दुसऱ्या फटक्याला पाठीवर पडून पोट दाखवू लागला. चंदानं त्याला मानेला धरून आत ढकललं. ती कडी लावत होती तेव्हा त्यानं जाळीतून तिची बोटं चाटली.

साधनानं ते पाहिलं. तिनं कडी काढली.

"नाई झालं, ताई. पुन्हा करा."

या खेपेला चंदानं चप्पल टाकली आणि खुंटीवरचा त्याचा पट्टा घेतला. पट्टा पाहून तो दाराकडे उड्या मारू लागला; त्याला वाटलं, फिरायला जायचं. तिनं मारायला सुरुवात केली. डोळे मिटून घ्यावेसे वाटत होते, पण मिटले असते तर त्याच्या डोळ्याला लागलं असतं. भुऱ्या सोफ्याखाली शिरू पाहत होता, केकाटत होता, आणि केकाटत पुन्हा तिच्याचकडे येत होता, तिच्या मारापासून वाचायला. मग तो येईनासा झाला. फरशीवर मुतला आणि आपल्या पायानं पिंजऱ्यात गेला.

चंदानं बर्फाची वाटी आत ठेवायला हात घातला. त्यानं दात दाखवले.

"आता झालं," साधना म्हणाली. तिनं खाली बसून बिस्किटाचा तुकडा जाळीतून आत सारला, हळू आवाजात त्याला बेटा म्हणाली. बऱ्याच वेळानं भुऱ्यानं तो तिच्या हातून घेतला. साधनाचे डोळे भरून आले.

"तुमचे उपकार कशे फेडाव, ताई," ती चंदाला म्हणाली. "मले हे जमलंच नसतं."

पिंजरा नितेशला एकट्याला उचलेना. त्यानं चंदाला हाक मारली. त्यानं पुढची बाजू धरली, तिनं मागची. तिचे हात जाळीला लागताच भुऱ्या आतल्या आत सरकत गेला आणि नितेशच्या बाजूला अंग चोरून बसला.

"लय जड हाय," नितेश धापा टाकत म्हणाला.

चंदाच्या बाजूला वजनच नव्हतं.